फुटलेल्या काचेचे मणी

मराठी घरात बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. सौभाग्याच्या वस्तूविषयी अभद्र शब्द तोंडातून निघू नये, एवढाच त्या बोलण्याचा हेतू. प्रत्यक्षात वाढलेल्या बांगडीचे तुकडे केरातच जातात. फार तर लहान मुली ते गोळा करून काचापाणी खेळतात, किंवा दिव्याच्या ज्योतीवर ते वाकवून त्यांची साखळी गुंफतात. काच कुटून तिची पूड करावयाची, तर ती पतंगाच्या मांजासाठी. फुटलेल्या काचेपासून काही मूल्यवान, काही पूज्य निर्माण होऊ शकेल, ही कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारात सहसा शिरत नाही.

आफ्रिका खंडात मात्र हा शब्द अक्षरशः खरा ठरला आहे. तेथे फुटलेली काच खरोखरच वाढते. बाटल्या, बरण्या, जुने मणी हे सारे कुटून, वस्त्रगाळ करून, त्या पुडीचे नवे मणी घडविण्याची आणि त्यांवर त्याच पुडीने नक्षी काढण्याची एक विद्या त्या खंडाच्या काही भागांत शतकानुशतके नांदत आली आहे. तिचा इतिहास हा केवळ एका कारागिरीचा इतिहास नव्हे. परक्याने आणून दिलेली वस्तू आपली कशी करावी, या प्रश्नाला एका समाजाने दिलेले ते उत्तर आहे.

या विद्येचे मर्म काचेच्या एका गुणधर्मात आहे. वाळू, क्षार आणि चुना यांपासून नव्याने काच करावयाची, तर हजार अंशांच्या बऱ्याच पलीकडची उष्णता लागते. मोठी भट्टी, टिकाऊ मुशी आणि विपुल इंधन लागते. परंतु एकदा तयार झालेली काच पुन्हा मऊ करण्यास एवढा खटाटोप नको. तिची बारीक पूड केली, तर ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या आचेने कणाकणाची कड वितळते, कण एकमेकांस चिकटतात, आणि रस न होताच तिचा एकसंध गोळा बनतो. ज्याच्यापाशी उखळ, चाळणी, मातीचा साचा आणि साधी भट्टी आहे, त्याला मणी करता येतो. आपल्याकडील मिनाकाम करणाऱ्या कारागिरास हे तत्त्व नवे नाही. सोन्याचांदीच्या पत्र्यावर तो जो रंग भरतो, तोही मुळात काचेची पूडच असतो. मात्र मिन्याला धातूचा आधार असतो. येथे काचेला काचेचाच आधार.

या विद्येचा एक फार जुना पुरावा दक्षिण आफ्रिकेत, लिंपोपो नदीच्या परिसरात मिळाला. मापुंगुब्वे या प्रसिद्ध टेकडीजवळ 'के-टू' या नावाने संशोधकांस परिचित असलेले एक प्राचीन वसतिस्थान आहे. इसवी सनाच्या ११व्या शतकापासून १३व्या शतकाच्या आरंभापर्यंत ते नांदते होते. तेथील उत्खननात लहान लहान निळसर-हिरव्या मण्यांबरोबर काही जाड, पिंपाच्या आकाराचे मणी निघाले, आणि ते ज्यांत घडविले त्या मातीच्या साच्यांचे तुकडेही निघाले. बागेतील हिरवळीवर फिरवावयाच्या रुळासारखा त्यांचा आकार. म्हणून इंग्रज संशोधकांनी त्यांस 'बागेतील रूळ' असेच नाव देऊन टाकले. हे मोठे मणी बाहेरून आलेले नव्हते. बाहेरून आले होते ते लहान मणी. ते वितळवून तेथल्या माणसांनी आपल्या पसंतीचा मोठा मणी घडविला होता.

ते लहान मणी आले कोठून? काचेच्या रासायनिक पृथक्करणाने त्यांचा माग दक्षिण आशियापर्यंत लागला आहे. हिंदी महासागरावर मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या व्यापारात आपल्या किनाऱ्यावरून कापड जाई, मणी जात. परतीच्या गलबतांतून हस्तिदंत आणि सोने येई. या व्यापाराच्या नंतरच्या पर्वात कोकणचाही वाटा होता. चौल येथे सापडलेल्या मण्यांच्या काचेशी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मण्यांच्या काचेचे निकटचे साम्य असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले, आणि त्या संशोधकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे हेही होते. परंतु भारतीय मणी आफ्रिकेत पोहोचला, एवढ्यावरच समाधान मानले तर अर्धीच गोष्ट हाती लागते. तो मणी तेथे पोहोचल्यावर साच्यात गेला, वितळला आणि दुसराच मणी होऊन बाहेर आला. व्यापाऱ्याने जी वस्तू पक्का माल म्हणून विकली, ती घेणाऱ्याने कच्चा माल म्हणून घेतली.

यावरून आफ्रिकेतील माणसांस काच मुळातून करता येत नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. नायजेरियातील इफे या योरुबा लोकांच्या पवित्र नगरीत इग्बो ओलोकून नावाचे स्थान आहे. जर्मन प्रवासी लिओ फ्रोबेनिअस याने १९१० साली तेथून काच चिकटलेल्या मुशी मिळविल्या, तेव्हा ही विद्या बाहेरून आली असावी, असेच युरोपातील अनेकांनी गृहीत धरले. पुढे पृथक्करणावरून तेथील काचेची घडण इतर कोणत्याही देशाच्या काचेशी जुळत नाही, हे स्पष्ट झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खननाच्या वृत्तान्तात त्या एका स्थानावरून १२ हजारांहून अधिक मणी मिळाल्याची नोंद आहे. ११व्या ते १५व्या शतकांच्या दरम्यान इफेचे कारागीर स्थानिक द्रव्यांपासून स्वतःची काच करीत होते. तेव्हा जुनी काच कुटून नवा मणी करणे, हा केवळ अज्ञानातून काढलेला मार्ग नव्हता. जेथे तयार काच सहज मिळे आणि तिच्या रंगांचा मोह पडे, तेथे तो शहाणपणाचा मार्ग होता.

तयार काच विपुल प्रमाणात मिळू लागली ती अटलांटिक महासागरावरील व्यापाराने. १५व्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज गलबते आजच्या घानाच्या किनाऱ्यास लागली. त्यांच्यामागून डच, इंग्रज, डेन आले. व्हेनिसच्या आणि पुढे बोहेमियाच्या कारखान्यांतील मणी पिंपे भरभरून या किनाऱ्यावर उतरत. त्यांच्या मोबदल्यात सोने जाई, हस्तिदंत जाई, आणि माणसेही जात. गुलामांच्या बाजारात जे जिन्नस किंमत म्हणून मोजले गेले, त्यांत काचेचा मणी होता, हे विसरता येत नाही. युरोपीय व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो स्वस्तात पडणारा चकचकीत माल होता. घेणाऱ्याची दृष्टी मात्र चिकित्सक होती. प्रत्येक प्रदेशाची आवड निराळी. नापसंत मणी पडून राहत, आणि कोणता रंग कोठे खपतो, याच्या याद्या व्यापाऱ्यांना ठेवाव्या लागत.

टॉमस एडवर्ड बॉडिच हा इंग्रज १८१७ साली अशांती राज्याच्या राजधानीत, कुमासी येथे, शिष्टमंडळाबरोबर गेला, आणि १८१९ साली त्याने आपला वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या देशात 'अग्री' नावाचे मणी अतिशय मोलाचे मानले जातात, ते जमिनीतून खणून काढतात, आणि जेथे ते पुरलेले असतात तेथून वाफेचे वळसे वर येताना दिसतात अशी लोकांची समजूत आहे, असे तो लिहितो. अग्री हे नाव नेमक्या कोणत्या मण्याचे, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. पण ज्या किनाऱ्यावर युरोपीय मणी पिंपांनी येत होते, त्याच्याच पाठीमागच्या मुलखात जुना, मातीतून निघालेला मणी सोन्याशी तोलला जात होता, हे त्यातून कळते.

कुटलेल्या काचेच्या मण्यांत ज्याला अशी प्रतिष्ठा लाभली, तो 'बोडोम'. अकान लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ कुत्रा. धन्यावर संकट आले की हा मणी भुंकून सावध करतो, आणि जमिनीत पुरून ठेवला तर त्याला पिले होतात, अशी श्रद्धा. बोडोम आकाराने मोठा असतो. आत काळपट काचेचा गाभा, वर पिवळ्या पुडीचे कवच, आणि त्या कवचात तांबड्या, निळ्या, पांढऱ्या काचेची फुली किंवा डोळा बसविलेला. नक्षीसाठी कधी रंगीत पूड, तर कधी परदेशी मण्यांचे तुकडेच वापरीत. म्हणजे व्हेनिसचा मणी येथे दागिना राहिला नाही. दागिन्यावरच्या नक्षीचा तो एक ठिपका झाला. राजे आणि सरदार तो मिरवीत. वाढण्याची भाषा येथेही आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र येथे ती अभद्र टाळण्यासाठी नव्हे. मणी खरोखरच वाढतो अशी ती श्रद्धा होती.

आज ही विद्या ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते क्रोबो लोक आग्नेय घानात राहतात. ओडुमासे आणि सोमान्या ही त्यांची मुख्य गावे. त्यांच्या कार्यशाळेत शिरले तर प्रथम दिसतो तो रिकाम्या बाटल्यांचा ढीग. बाटल्या धुऊन, फोडून, लोखंडी मुसळाने त्यांची पूड करावयाची आणि ती चाळावयाची. भरड पूड वितळून खडबडीत राहते. नक्षीची पूड पिठासारखी लागते. साचे मातीचे, आणि त्यांत ओळीने वाटोळ्या खळग्या. काच मातीला धरू नये, म्हणून साच्याला आतून शाडूसारख्या पांढऱ्या मातीचा पातळ हात देतात. प्रत्येक खळगीच्या तळाशी बारीक छिद्र असते, आणि त्यात कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, तेच हे झाड. खळगीत पूड भरून साचा भट्टीत गेला की देठ जळून जातो, आणि मण्याला आपोआप भोक पडते. भट्टीही घरचीच, वारुळाच्या मातीने लिंपलेली. वाळवीने बारीक केलेली ती माती आचेला चांगली टिकते, हा अनुभवाने आलेला शोध.

मण्यावरील नक्षीच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींचा आधार पूडच. पहिली कोरड्या पुडीची. खळगीत एका रंगाची पूड, तिच्यावर दुसऱ्या रंगाची, मग तिसऱ्या रंगाची, असे थर देतात. कधी काडीचे टोक साच्याच्या कडेने खाली सरकवून वरचा रंग खालच्या थरात ओढतात, आणि मण्याच्या अंगावर उभी रेघ उमटते. चिमटीतून पडणाऱ्या पुडीवर हाताचा ताबा किती असावा लागतो, हे रांगोळी घालणाऱ्या गृहिणीला सांगावयास नको. अंतर एवढेच की रांगोळी समोर दिसते, आणि ही रांगोळी खळगीच्या अंधारात, बाहेरून आत घालावयाची असते. मण्याचे अंग कसे दिसेल, हे भट्टीतून निघेपर्यंत डोळ्यांना कळत नाही.

दुसरी रीत ओल्या पुडीची. येथे एकरंगी मणी आधी भाजून, थंड करून, घासून घेतात. मग वस्त्रगाळ रंगीत पूड पाण्यात कालवून तिची शाई करतात, आणि काडीच्या किंवा सुईच्या टोकाने मण्यावर रेघा, नागमोडी वळणे, ठिपके, डोळे काढतात. हे काम लेखणी चालविल्यासारखे असल्यामुळे इंग्रजीत या मण्यांस 'लिहिलेले मणी' म्हणण्याचा प्रघात आहे. अक्षरे वाळली की मणी पुन्हा भट्टीत जातो, आणि पुडीची शाई काच होऊन मण्याच्या अंगाशी एकजीव होते. मात्र यात एक धोका आहे. निरनिराळ्या जातींच्या काचा तापल्यावर सारख्या प्रसरण पावत नाहीत आणि निवताना सारख्या आकसत नाहीत. अंगाची काच एका जातीची आणि नक्षीची दुसऱ्या जातीची असली, तर भट्टीतून सुरेख निघालेला मणी निवता निवता तडकतो. म्हणून कोणती बाटली कोणत्या बाटलीशी जमते, हे जाणणे, हे या धंद्यातील खरे ज्ञान. शेवटी दगडावर वाळू आणि पाणी घालून मणी घासतात, तेव्हा त्याला चकाकी येते.

रंगासाठी पूर्वी रंगीत काचच शोधावी लागे. निळ्यासाठी औषधाच्या निळ्या बाटल्या, पांढऱ्यासाठी दुधी काचेच्या बरण्या, आणि पिवळ्या-तांबड्यासाठी युरोपातून आलेले मणी. म्हणजे एक मणी घडविण्यासाठी दुसरा मणी कुटावा लागे. पुढे कुंभारकामाचे तयार रंग बाजारात मिळू लागले, आणि साध्या पांढऱ्या काचेच्या पुडीत ते मिसळून हवा तो रंग साधता येऊ लागला. काम सोपे झाले आणि रंगांची संख्या वाढली.

ओल्या पुडीची नक्षी जिने पराकोटीला नेली, ती कला मात्र क्रोबो प्रदेशापासून फार दूर, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, मॉरिटानिया देशातील किफा या गावाच्या परिसरात वाढली. तेथे हे काम स्त्रिया करीत. त्यांच्यापाशी साचा नव्हता आणि बांधीव भट्टीही नव्हती. दगडाने काच अगदी बारीक वाटावयाची, थुंकीने किंवा बाभळीच्या डिंकाच्या पाण्याने ती कालवावयाची, तिचा त्रिकोणी किंवा लंबगोल मणी हातानेच वळावयाचा, आणि सुईच्या अग्राने त्यावर निळ्या, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या पुडीच्या केसासारख्या रेघा भरावयाच्या. भाजण्यासाठी कधी माशांचा रिकामा पत्र्याचा डबा, आणि खाली निखारे. बोटाच्या पेराएवढ्या त्रिकोणावर त्या स्त्रिया जी नक्षी उभी करीत, ती पाहून तिच्यामागे एवढीच साधने असतील, असे कोणास वाटणार नाही. फ्रेंच संशोधक रेमों मोनी याने १९४९ साली या कामाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते चालू होते. त्यानंतर तीस वर्षांच्या आत जुन्या कसबी स्त्रिया एकेक करून निघून गेल्या आणि परंपरेचा धागा तुटण्याच्या बेतास आला. पुढे ती पुन्हा जागविण्याचे प्रयत्न झाले. परंतु सुईच्या अग्रावर बसलेले ज्ञान वर्णनावरून पुरते परत मिळत नाही.

किफाची परंपरा खुंटली आणि क्रोबोंची टिकली, असे का व्हावे? त्याचे एक कारण क्रोबोंच्या समाजजीवनात सापडते. क्रोबो मुलगी वयात आली की तिचा 'डिपो' नावाचा संस्कार होतो. या विधीत मुलीच्या गळ्यात, कमरेला, हातापायांत मण्यांच्या माळा घालतात. त्यांत आजीच्या पेटीतील जुने मणी असतात, आणि नवेही असतात. कोणत्या घरात कोणते मणी आहेत, हे त्या दिवशी साऱ्या गावाला दिसते. मणी हे तेथे नुसते भूषण नव्हे. ते कुळाचे संचित आहे. मराठी स्त्रीच्या काळ्या पोतीची किंमत जशी तिच्यातील काचेवरून होत नाही, तशीच ही गोष्ट.

हा संस्कार एकदा मोडून काढण्याचा यत्न झाला. क्रोबोंचे मूळ स्थान म्हणजे मैदानातून एकदम वर उठलेला क्रोबो पर्वत. त्यांची देवस्थाने तेथे, आणि डिपोचा विधीही तेथेच होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायथ्याच्या ओडुमासे गावी बासेल मिशनचे ठाणे होते. मंगळुरी कौलांमुळे ज्याचे नाव आपल्या पश्चिम किनाऱ्यास परिचित आहे, तेच हे मिशन. धर्मोपदेशकांस जुने विधी मान्य नव्हते, आणि ब्रिटिश सरकारास पर्वतावरील सत्ता खुपत होती. १८९२ साली सरकारने कायदा करून हे विधी निषिद्ध ठरविले आणि क्रोबोंना पर्वत सोडून खाली उतरण्यास भाग पाडले. देवस्थाने, घरे, पूर्वजांच्या जागा वर राहिल्या.

माणसाला पर्वत पाठीवर घेऊन उतरता येत नाही. मण्यांची माळ मात्र उतरविता येते. खालच्या गावांत डिपो पुन्हा सुरू झाला, बदलला, आखूड झाला, पण थांबला नाही. आणि तो थांबला नाही म्हणून मण्यांची मागणी थांबली नाही, भट्टी विझली नाही. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला, तेव्हा ही कला संग्रहालयात जपून ठेवण्याजोगी मृत वस्तू नव्हती. ती चालता धंदा होती. आजही कोफोरिडुआ शहरात दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. जुने-नवे, घरचे-परदेशचे मणी तेथे शेजारी शेजारी लटकलेले असतात.

या धंद्यापुढे आज नवा पेच आहे. बाहेरदेशी यंत्रांवर झालेल्या स्वस्त नकला त्याच बाजारात येतात, आणि अनभिज्ञ गिऱ्हाइकास फरक ओळखता येत नाही. पण स्वस्त परदेशी मण्यांचे लोंढे या किनाऱ्यास नवे नाहीत. पाच शतकांपूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हा क्रोबोंच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांनी त्यांना विरोध केला नाही आणि त्यांच्यापुढे मानही तुकविली नाही. त्यांनी ते मणी निवडले, उखळात घातले आणि कुटले. ज्या काचेने या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली गेली, तिच्याच पुडीतून पुढे मुलीला स्त्रीत्वाचा मान देणारी माळ घडली. काच कोणाची होती, याची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत राहिली. मणी कोणाचा, हे मात्र उखळापाशी बसलेल्या हातांनी ठरविले.